निळा धूर आणि दुधाच्या किटल्या

दर अंकात या पानावर आम्ही निकाल, स्नेहसंमेलन, नाहीतर वह्या-पुस्तकांचे वाटप यांविषयी लिहितो. या खेपेस एका शर्यतीच्या गाडीच्या इंजिनाविषयी लिहीत आहोत. मुख्याध्यापकांना इंजिनातले काय कळते, असा प्रश्न पालकांच्या मनात येईल. फारसे कळत नव्हते, हेच खरे. जे थोडेफार कळले ते आमच्या एका माजी विद्यार्थ्याने आणि त्याच्या वडिलांनी शिकवले. त्यातले जे शाळेच्या उपयोगाचे आहे ते सर्वांपर्यंत पोचावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

२०२४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. शाळा सुटून गेली होती. आम्ही कार्यालयात हजेरीपट तपासत बसलो होतो. दारात कोणीतरी उभे असल्याचे जाणवले. मनगटापर्यंत काळे झालेले हात मागे बांधून एक उंच मुलगा उंबऱ्याच्या बाहेर उभा होता. "सर, येऊ का आत?" आवाज ओळखीचा वाटला नाही, पण उंबऱ्याबाहेर उभे राहण्याची ती तऱ्हा ओळखीची वाटली. २०१९ साली दहावी होऊन गेलेला आमचा विद्यार्थी. त्याचे नाव येथे देत नाही, त्याने तसे सांगितले आहे. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून तो थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला बसला होता आणि आता शेवटच्या वर्षात होता.

तो आला होता वर्गणीसाठी. कॉलेजातल्या वीस-बावीस मुलांनी मिळून शर्यतीची गाडी बनवली होती. विद्यार्थी मित्रांनो, ही स्पर्धा तुम्हाला ठाऊक असावी म्हणून थोडे सांगतो. एक माणूस बसेल अशी, उघड्या चाकांची छोटी शर्यतीची गाडी विद्यार्थ्यांनी स्वतः आखायची, स्वतः बांधायची आणि ट्रॅकवर पळवून दाखवायची. अमेरिकेत १९८० च्या दशकात अशा स्पर्धा सुरू झाल्या. आपल्या देशात २०११ पासून 'सुप्रा' नावाची स्पर्धा भरू लागली. कोईमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर 'फॉर्म्युला भारत' भरते. इंजिन ७१० सीसीपेक्षा मोठे चालत नाही. त्यामुळे बहुतेक मुले मोटारसायकलचे इंजिन काढून गाडीत बसवतात. या मुलांनीही तसेच केले होते.

"मग अडचण काय?" आम्ही विचारले.

"धूर मारतंय सर. निळा."

आदल्या वर्षी अशाच एका स्पर्धेत त्यांची गाडी उतरली होती. शेवटची कसोटी सुमारे बावीस किलोमीटर पळण्याची असते. चौथ्या-पाचव्या फेरीला मागून निळ्या धुराचे लोट निघू लागले आणि पंचांनी झेंडा दाखवला. काळ्या कापडावर नारिंगी वर्तुळ. त्याचा अर्थ, तुमच्या गाडीत बिघाड आहे, बाहेर या. वर्षभराची मेहनत तेथेच थांबली.

धुराचा रंग पाहून मिस्त्री रोग सांगतात, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर येतच राहिला तर सिलिंडरमध्ये पाणी उतरते आहे. निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे. "इंजिन ऑईल खातंय" असे म्हणतात ते हेच. आणि इंजिन ऑईल खाऊ लागले की कोणीही सांगेल, रिंगा गेल्या. मुलांनीही रिंगा बदलल्या, व्हॉल्व्हचे सील बदलले. जमवलेले पैसे त्यात गेले. इंजिन जोडले, जागेवर चालू करून पाहिले, धूर नाही. सरळ रस्त्यावर पळवले, धूर नाही. ट्रॅकवर नेले, चार वळणे घेतली, पुन्हा निळा धूर. मग सल्ले सुरू झाले. कोणी म्हणाले जाड ऑईल घाला. कोणी म्हणाले इंजिनच बदला. आता ते नव्या इंजिनासाठी वर्गणी गोळा करत होते.

आम्ही त्याला पैसे दिले नाहीत. तेवढे आमच्यापाशी नव्हते, आणि शाळेच्या पैशातून देता येत नव्हते. खरे सांगायचे तर, या मुलाच्या हातून काही तडीस जाईल असा भरवसाही आम्हाला वाटत नव्हता. तसे का वाटले, ते पुढे येईल. गाडी एकदा पाहायला येतो, एवढेच आम्ही म्हणालो.

त्या रविवारी सकाळी तो आम्हाला न्यायला वडिलांच्या टेंपोतून आला. वडील उचगावच्या बाजूच्या गावांतून दूध गोळा करून कॅम्पात आणि टिळकवाडीत घालतात. मागे किटल्या होत्या, पुढे आम्ही तिघे. गणपती मंदिराजवळ वळताना मागे खळकन आवाज झाला. वडिलांनी कपाळाला हात लावला.

"बघा मास्तर. पंधरा वर्सं मोटारसायकलवरनं दूध घातलं. दोन्ही बाजूला दोन किटल्या. कधी थेंब सांडला नाही. हा टेंपो घेतला आणि दर वळणाला सांडतंय. झाकण लावलं तरी फटीतनं येतंय."

आम्ही सहज म्हणालो, "टेंपोला हिसके जास्त बसत असतील."

"हिसके कशाचे? मोटारसायकलला ह्याच्यापेक्षा जास्त. खरं ती वळताना आडवी होती, तिच्याबरोबर किटलीबी आडवी होती. हा दगडासारखा उभाच." थोडे थांबून ते म्हणाले, "म्हणून तर किटलीत वरनं गवताची चुंबळ घालतोय. आज घाईत राहिली."

मुलगा काहीच बोलला नाही. आम्हाला वाटले, त्याचे लक्ष नाही. कॅम्पात शिरताना तो एकदम म्हणाला, "सर, आमचं इंजिन मोटारसायकलचं आहे."

विद्यार्थी मित्रांनो, येथे थोडे थांबा. इंजिनाच्या तळाशी ऑईलचे भांडे असते. पुस्तकात त्याला संप म्हणतात, आपले मिस्त्री चेंबर म्हणतात. तेथून पंप ऑईल ओढतो आणि सगळीकडे फिरवतो. मोटारसायकल वळते तेव्हा झुकते. तिच्याबरोबर इंजिन झुकते, चेंबर झुकते. त्यामुळे ऑईलला आपण वळत आहोत याचा पत्ताच लागत नाही, ते तळाशीच बसून राहते. पाण्याची बादली हाताने गरगर फिरवली तरी पाणी सांडत नाही, तसाच हा प्रकार. तेच इंजिन चार चाकांच्या गाडीत घट्ट बसवले की ते झुकू शकत नाही. वळणावर ऑईल एका बाजूला धावते आणि भिंतीवर चढते.

किती चढते, याचा हिशेब त्याने त्या दिवशी शेडमध्ये फरशीवर खडूने करून दाखवला. तो दहावीतल्या मुलाला सहज करता येईल. स्पर्धेत 'स्किडपॅड' नावाची एक चाचणी असते. इंग्रजी आठच्या आकड्यासारखे दोन गोल. आतल्या गोलाचा व्यास १५.२५ मीटर आणि वाट ३ मीटर रुंद. वाटेच्या मधोमध गाडी चालली तर त्रिज्या सुमारे ९.१ मीटर, आणि एक फेरी सुमारे ५७ मीटर. ही फेरी सहा सेकंदांत पुरी केली तर वेग सेकंदाला साडेनऊ मीटर, म्हणजे ताशी अवघा ३४ किलोमीटर. आपली लूनासुद्धा एवढी पळत असे! आता वेगाचा वर्ग करा आणि त्रिज्येने भागा. उत्तर जवळजवळ १० येते. गुरुत्वीय त्वरण किती? ९.८. म्हणजे पृथ्वी जेवढ्या जोराने ऑईल खाली ओढते, जवळपास तेवढ्याच जोराने ते बाजूला फेकले जाते. दोन्ही सारखे झाले की ऑईलचा पृष्ठभाग सपाट राहत नाही, ४५ अंशांत तिरका होतो. ताट धुताना जसे आपण ते कलते धरतो, तसे.

आम्ही भौतिकशास्त्र शिकलो ते हिंदी माध्यमातून, आणि शिकवले मराठीतून. दोन्हीकडे अभिकेंद्री बलाचा धडा दोरीला बांधलेल्या दगडाने सुरू होतो आणि दगडानेच संपतो. इतकी वर्षे आम्हीही दगडच फिरवला. वेंगुर्ला रस्त्यावरून रोज पहाटे शेकडो किटल्या आमच्या शाळेसमोरून जातात, त्या कधी फळ्यावर आल्या नाहीत.

आता धूर कसा होतो ते पाहू. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेला थोडा वायू त्यांच्या कडेने खाली उतरतोच. शिवाय एकाच सिलिंडरचे इंजिन असेल तर पिस्टन खाली येताना खालची हवा दाबली जाते. मिनिटाला आठ हजार फेऱ्या म्हणजे सेकंदाला १३३ वेळा हा दाब पडतो. तो बाहेर पडायला वाट हवी, नाहीतर सील फुटतील. म्हणून इंजिनाला श्वास सोडायची एक नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. पूर्वी ही नळी सरळ रस्त्यावर उघडी सोडलेली असे. त्यातून तेलकट, विषारी वाफा बाहेर पडत. कॅलिफोर्नियात शहरांवर धुरके साचू लागले, त्याची कारणे शोधताना हेही एक कारण निघाले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तेथल्या मोटारींत ही नळी परत इंजिनाच्या हवेच्या वाटेला जोडू लागले, म्हणजे त्या वाफा आतच जळाव्यात. आज आपल्या सगळ्या नव्या गाड्यांत तशीच सोय आहे.

सोय उत्तम आहे, पण ती वाफेसाठी आहे. वळणावर ऑईल उसळून ब्रीदरच्या तोंडाशी आले तर वाफेऐवजी ऑईलच त्या नळीतून हवेच्या वाटेला जाते, तेथून सिलिंडरमध्ये आणि तेथून निळा धूर होऊन बाहेर. मुलांनी त्या दिवशी हवेच्या फिल्टरची पेटी उघडली. तळाशी ऑईलचे थारोळे होते. वर्षभर ती पेटी कोणी उघडली नव्हती, कारण धूर मागच्या बाजूने येत होता आणि सगळे मागेच पाहत होते.

आणखी एक गोष्ट उघडकीस आली. वळणावर पंपाला ऑईल मिळेनासे होते, दाब पडतो, हे मुलांच्या आधी लक्षात आले होते. त्यावर उपाय म्हणून त्यांनी खुणेपेक्षा अर्धा लिटर ऑईल जास्त घातले होते. म्हणजे काठोकाठ भरलेली किटली! कमी भरावे तर बेअरिंग जळणार, जास्त भरावे तर धूर. नुसते कमी-जास्त करून हे सुटणारे नव्हते. रिंगा बदलून तर मुळीच नाही, कारण रिंगांचा दोषच नव्हता. इंजिनही निर्दोष होते. मोटारसायकलमध्ये ते वर्षानुवर्षे विनातक्रार चालले असते.

ही अडचण केवळ आपल्या मुलांची नाही. जर्मनीच्या पोर्श ९११ या प्रसिद्ध स्पोर्ट्स कारचे सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे असतात, त्यामुळे वळणावर ऑईल बाहेरच्या हेडमध्ये जाऊन साचण्याचा धोका जास्त. म्हणून १९६० च्या दशकापासूनच त्या गाडीत ऑईल तळाशी न ठेवता वेगळ्या टाकीत ठेवण्याची रचना केली गेली. तिला ड्राय संप म्हणतात. फॉर्म्युला वनच्या सगळ्या गाड्यांत हीच पद्धत असते. तळाशी चेंबर असलेली स्पोर्ट्स कार घेऊन हौसेने ट्रॅकवर जाणारे लोक ऑईल आणि वाफ वेगळी करणारी डबी बसवतात, चेंबरमध्ये आडोसे घालतात. आपल्या मुलांना ड्राय संपचा खर्च परवडणारा नव्हता. उरले दोन मार्ग, डबी आणि आडोसे.

पहिल्यांदा त्यांनी डबी केली. अ‍ॅल्युमिनियमची, साधारण एक लिटरची. ब्रीदरची नळी या डबीत सोडायची, आत अडथळा ठेवायचा म्हणजे ऑईलचे थेंब त्याला चिकटून खाली गळतील आणि वाफ तेवढी पुढे जाईल. मुलांनी अडथळा म्हणून भांडी घासायची तारेची घासणी कोंबली होती. उद्यमबागेतल्या ज्या मिस्त्रींनी वेल्डिंग करून दिले, त्यांनी ती काढून फेकली. "तार तुटून आत गेली तर सिलिंडर ओरबाडेल," म्हणाले, आणि स्टीलची जाळी दोन थरांत डाग मारून घट्ट बसवून दिली. मजुरी घेतली नाही. बेळगावच्या मातीतच हे असावे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचे दुकान काढले ते याच गावात. १९१० मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले, पण लोखंडाशी बोलण्याची विद्या येथे राहिली. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आणि वर्कशॉप त्याची साक्ष देतात.

अशी डबी असणे या स्पर्धांत नियमानेच सक्तीचे असते. ती निदान ९०० मिलिलिटरची हवी, किंवा इंजिनातल्या एकूण ऑईलच्या एक दशांश, यातले जे जास्त असेल ते. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ऑईल ट्रॅकवर सांडले तर घसरते ती मागून येणारी दुसऱ्याची गाडी. मुलांकडे पूर्वीही डबी होती, पण ती नियमापुरती, तपासणी पार पडण्यासाठी लावलेली. ब्रीदरचे खरे काम ती करतच नव्हती.

नवी डबी बसवल्यावर चाचणी घेतली. मागे पांढरा रुमाल धरून पाहिला, डाग नाही. धूर थांबला! मुलांनी उड्या मारल्या. दुसऱ्या दिवशी आमचा हा विद्यार्थी शाळेत आला आणि प्रयोगशाळेतले मोजपात्र मागू लागला. धूर गेल्यावर आता काय मोजायचे आहे, असे आम्ही विचारले.

"सर, धूर गेला, खरं ऑईल डबीत येतंयच की. दहा फेऱ्यांत किती येतंय ते बघायचं आहे. डबीत आलं म्हणजे चेंबरमधनं गेलं."

त्याचे म्हणणे असे होते. डबीने धूर दिसेनासा केला आहे, ऑईलचे उसळणे थांबवलेले नाही. लांब शर्यतीत डबी भरून वाहील आणि तोवर चेंबर कोरडे पडत जाईल. संघातली काही मुले चिडली. परीक्षा तोंडावर होत्या, पैसे संपले होते, काम झाले होते. पण तो हटला नाही. दहा फेऱ्यांनंतर डबीत साठ मिलिलिटर ऑईल निघाले. हा आकडा त्याने शेडच्या दारावर खडूने लिहून ठेवला.

मग चेंबर उतरवले. वडिलांच्या गवताच्या चुंबळीचेच काम करतील असे अ‍ॅल्युमिनियमचे आडवे पत्रे त्यात बसवले. घागरीत आंब्याची डहाळी टाकून पाणी आणणाऱ्या आपल्या आज्यांना हे तत्त्व ठाऊक होते, द्रवाला मोकळे धावू द्यायचे नाही, मध्ये काहीतरी आडवे ठेवायचे. पंपाच्या तोंडाभोवती एक चौकोनी कप्पा केला आणि त्याला चारी बाजूंनी आत उघडणाऱ्या लहान झडपा लावल्या. ऑईल आत येऊ शकते, बाहेर पळू शकत नाही. ब्रीदरचे तोंड आणखी वर नेले. आणि सर्वांत शेवटी, जास्तीचे अर्धा लिटर ऑईल काढून टाकून पातळी पुन्हा खुणेवर आणली. त्याने एका वेळी एकच बदल केला आणि दर बदलानंतर दहा फेऱ्या मारून डबी मोजली. दारावरच्या आकड्यांत शेवटचा आकडा आठ होता.

२०२५ च्या सुरुवातीला गाडी पुन्हा स्पर्धेत उतरली. बावीस किलोमीटर पुरे झाले. नंबर आला नाही. पुढचे संघ यांच्यापेक्षा कितीतरी वेगवान होते. पण नारिंगी वर्तुळाचा झेंडा दिसला नाही, आणि गाडी स्वतःच्या चाकांवर परत आली.

त्यानंतर आम्ही त्याला नववी-दहावीच्या मुलांपुढे बोलायला बोलावले. त्याने ती पहिली डबी शाळेच्या प्रयोगशाळेला भेट दिली. एका मुलीने विचारले, "दादा, मोटारसायकलवर दूध सांडत नाही हे तुम्हाला आधी का नाही आठवलं?" तो हसून म्हणाला, "हाताला ठाऊक होतं, डोक्याला नव्हतं. मी नववी-दहावीत असताना बाबांच्या मागं बसून किटल्या मीच धरायचो. पहाटे चारपासून. म्हणून तर माझा पहिला तास चुकायचा. सर मला दारात उभं करायचे, नाही का सर?"

मुले हसली. तोही हसला. त्याच्या बोलण्यात रोष नव्हता. आम्हाला मात्र हसता आले नाही.

त्या संध्याकाळी आम्ही कपाटातून २०१८-१९ चा उशिरा येणाऱ्यांचा रजिस्टर काढला. त्याच्या नावापुढे एकेचाळीस खुणा होत्या. शेवटी आमच्याच अक्षरात शेरा होता, "बेफिकीर. अभ्यासात लक्ष नाही." त्याच वर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी मुले निवडताना आम्ही त्याचे नाव वगळले होते, हेही आठवले. एकेचाळीस वेळा तो त्या उंबऱ्याबाहेर हात मागे बांधून उभा राहिला आणि एकदाही आम्ही त्याला विचारले नाही, की बाळा, उशीर का होतो? मागून धूर दिसत होता. रिंगा गेल्या असे ठरवून आम्ही मोकळे झालो होतो. पाच वर्षांनी तो वर्गणी मागायला आला, तेव्हाही आमच्या मनात तोच शेरा होता.

त्या दिवसानंतर त्या रजिस्टरात एक नवा रकाना आखला आहे, 'कारण'. वर्गशिक्षकांनी मुलाला विचारून तो भरायचा आहे. तीन महिन्यांचे रकाने वाचले. उशिरा येणाऱ्यांत झोपाळू मुले आहेतच, नाही असे नाही. पण दुधाच्या कामात असलेली मुले आहेत, भाजी मार्केटला नेणाऱ्या आईबरोबर जाणारी आहेत, लहान भावंडाला अंगणवाडीत सोडून येणाऱ्या मुली आहेत. या मुलांना आता दारात उभे केले जात नाही.

पण त्या मुलाच्या हिशेबाने पाहिले तर हा रकाना म्हणजे नुसती डबी झाली. धूर दिसेनासा झाला, तास चुकायचा तो चुकतोच आहे. म्हणून दोन गोष्टी केल्या आणि एक मागत आहोत. नववी-दहावीचा गणिताचा तास पहिला होता, तो तिसरा केला. ज्यांचा पहिला तास नियमित चुकतो त्यांच्यासाठी शनिवारी अर्ध्या दिवसानंतर पाऊण तास शिकवणे सुरू केले, त्याबद्दल आमच्या सहकारी शिक्षकांचे मनापासून आभार. आणि विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे, की येत्या जूनपासून शाळा वीस मिनिटे उशिरा भरवण्याच्या प्रस्तावाचा विचार व्हावा. बस आणि मध्यान्ह भोजनाच्या वेळा त्याने कशा बदलतील, त्याचा तक्ता आम्ही सोबत सादर केला आहे.

पालकांनाही एक सांगणे आहे. मुलाने घरकामात हात लावला तर त्यात कमीपणा नाही, पण ते आम्हाला कळवत जा. चिठ्ठी लिहिता येत नसेल तर येऊन सांगा. आमचे दार उघडे आहे आणि उंबऱ्याबाहेर कोणालाही उभे राहावे लागणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, ती डबी प्रयोगशाळेच्या दुसऱ्या फळीवर ठेवली आहे. हात लावून पाहायला हरकत नाही. आतली जाळी झाकण काढल्यावर दिसते. शेजारी स्किडपॅडचे उदाहरण कागदावर लिहून लावले आहे, त्यात सहाऐवजी साडेपाच सेकंद धरून ऑईल किती अंशांनी कलेल ते काढा. पहिल्या बरोबर उत्तराला बक्षीस नाही, पण पुढच्या अंकात नाव छापू. वार्षिक परीक्षेसाठी सर्वांना शुभेच्छा.